एटीकेटी म्हणजे काय, हे जर्मनीस कळविणेबाबत

माझ्या भाचीला केटी लागली ती माझ्याच विषयात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर दुसरं कुणीतरी सांगणारच. आमच्या नात्यात लग्नाच्या पंगतीला मीठ-लोणच्याच्या आधी हे वाढतात: "आत्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि भाची केमिस्ट्रीत नापास!" पेपर विद्यापीठाने काढला, विद्यापीठाने तपासला, माझा त्यात करंगळीएवढाही हात नव्हता, पण ऐकतो कोण? माझा दादा, म्हणजे तिचा बाप, पुढच्या गणपतीचा आख्खा सीझन माझ्याशी बोलला नाही. बोलायचा ते भिंतीशी. "काय एकेक मानसं असतात, घरच्या पोरीला पास करता येत नाय." भिंत बिचारी काय बोलणार, मग मीच उत्तर द्यायचे. असं आमचं न बोलणं रोज तासभर चालायचं.

मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याला. दादाचा हमरापूरला गणपतींचा कारखाना. कारखाना म्हटलं की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्या येतात, भोंगा आणि शिफ्टच्या बसेस येतात. आमच्याकडे कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि आत रांगेने बसलेले गणपती. भाची त्या शेडमध्येच वाढली. तिचा हात आखणीचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. ते सगळ्यात शेवटी होतं, आणि तिथे हात चुकला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. भाचीचा हात चुकत नाही. केमिस्ट्रीत चुकतो कधीकधी.

आमच्याच कॉलेजातून बीएस्सी झाली, केटी सुटली, धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली. शिफ्टवरून आली की ब्रश घेऊन आखणीला बसायची. सगळं सुरळीत चाललंय म्हणता म्हणता एक दिवस मला म्हणाली, "आत्या, मला रंगांची केमिस्ट्री शिकायचीय. मूर्तीवर नीट बसतील आणि खाडीत गेल्यावर मासे मारणार नाहीत, असे रंग. जर्मनीत कोर्स आहे. मी अर्ज टाकलाय."

दादाने आधी न ऐकल्यासारखंच केलं. मग कसं काय कोण जाणे, एका संध्याकाळी "जा" म्हणाला आणि लगेच रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर चालू केला. त्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना. भाची मला म्हणाली, "आत्या, या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी बाबा पाठवणार नाहीत. या वर्षी तरी हो कसे म्हणाले, ते त्यांचं त्यांनाच कळलेलं नाही." ते खरंच होतं. जायचं तर याच वर्षी.

आणि अशात जर्मनीहून मेल आली. अर्ज मिळाला, धन्यवाद. आता तुमची पदवी आमच्या पदवीशी तुलना करण्याजोगी आहे का, हे आम्हाला ठरवायचंय. तरी प्रत्येक विषयाला विद्यार्थ्याने किती तास काम केलं ते महिनाअखेरीपर्यंत कळवावं. आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेवर ATKT अशी चार अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ कळवावा.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुलना? आमच्या पदवीची? मग मी शांत होऊन त्यांचं काय चाललंय ते वाचून काढलं, आणि वाचता वाचता मला हसूच यायला लागलं. कारण या युरोपवाल्यांचं आपसातच पटत नव्हतं! एका देशाची पदवी तीन वर्षांची, दुसऱ्याची पाचची, तिसऱ्याकडे पहिली आणि दुसरी पदवी एकातच गुंडाळलेली. शेजारच्या देशात नोकरीला जावं तर तिथला साहेब कागद उलटासुलटा करून विचारायचा, हे काय असतं? पूर्वी आपल्याकडे एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळायची नाही, तसलाच प्रकार. शेवटी सगळ्यांचे शिक्षणमंत्री एकत्र बसले आणि ठरवलं, की बाबांनो, माप एक करूया. पहिली पदवी साधारण तीन वर्षं, दुसरी साधारण दोन. वर्षाचे साठ क्रेडिट. आणि प्रत्येक पदवीबरोबर एक पुरवणी जोडायची, तिच्यात साध्या भाषेत लिहायचं की हा माणूस नक्की काय शिकलाय. आमच्याकडे पुरवणी म्हणजे उत्तरपत्रिका भरल्यावर मागून घ्यायचं जास्तीचं पान. ती जितकी जास्त, तितका पोरगा हुशार असा समज आहे, आणि मी तीस वर्षं त्या पुरवण्या तपासतेय, त्यामुळे माझा तो समज राहिलेला नाही.

गंमत पुढेच आहे. ते लोक धडपडून तीन वर्षांवर आले, तोवर आपण तीन वर्षांच्या पदवीला चौथं वर्ष जोडून मोकळे झालो. हवं तर तिसऱ्या वर्षी उतरा, नाहीतर पुढे बसून राहा. रोह्याच्या गाडीत बसून वाटेतच नागोठण्याला उतरावं तसं. भाची जुन्या पद्धतीतली, तीन वर्षांवाली, म्हणजे नेमकी त्यांच्या मापात बसणारी. म्हटलं, चला, नशीब जोरावर आहे.

पण पुढची ओळ वाचली आणि मी डोक्याला हात लावला. त्यांचं क्रेडिट मास्तर किती बोलला यावर मोजत नाहीत. पोरगं किती खपलं यावर मोजतात! वर्गात बसलेलं, घरी वाचलेलं, परीक्षेसाठी घोकलेलं, सगळं धरून पंचवीस-तीस तास भरले की एक क्रेडिट. मग मी वर्गात घसा फोडून जे बोलले त्याचं काय? वर्गात मी बोलते म्हणजे ते शिकतात, अशी माझी इतकी वर्षांची श्रद्धा. त्या एका ओळीने तिला सुरुंग लावला मेल्यांनी.

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क म्हणजे सर्व कागदांचे कुलदैवत. रिटायरमेंटला आलेले, चष्मा कपाळावर, पेन कानावर. त्यांच्यापुढे मेल ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मॅडम," ते म्हणाले, "विद्यार्थी घरी किती तास अभ्यास करतो ते कॉलेजला कसं ठाऊक असणार? तो कॉलेजात किती तास बसतो, तेच ठाऊक नाय."

बोलले ते खोटं नव्हतं. आमच्याकडे एक रीत आहे, कुठल्याच नियमात न लिहिलेली. पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, हमरापूर-जोह्याकडची पोरं वर्गातून नाहीशी होतात. हजेरी घेताना नाव पुकारलं की शेजारचा सांगतो, "कारखाना!" बस, एवढंच. आम्ही हजेरी लावतो. सुरुवातीला एक नवीन मास्तर आले होते पुण्याचे, त्यांना वाटलं धाटावला अपघात झाला की काय. मग त्यांनाही सवय झाली. आता ते स्वतःच पुकारतात आणि स्वतःच म्हणतात, "कारखाना ना? बरं."

मी भाचीला विचारलं, "खरं सांग. त्या सेमिस्टरला माझ्या विषयाचा घरी किती अभ्यास केलास?"

"तुझी लेक्चरं मैत्रिणीने फोनवर रेकॉर्ड करून दिली होती. आखणी करताना लावायचे."

"मग? डोक्यात काय गेलं?"

"डोळे फार शांत आले त्या वर्षी," कार्टी म्हणाली. "सगळे गणपती पेंगल्यासारखे."

आता या बाईसाहेबांसाठी मी रजा टाकून तासांची गणितं मांडत बसले होते! पण मांडली. वर्गातले तास, प्रॅक्टिकलचे तास, आणि घरचे म्हणून जे काही खरेपणाने धरता आले ते. उरली ती चार अक्षरं.

एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'. नापास झालेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात बसायची मुभा. आमच्याकडची पोरं 'सर्दी झाली' म्हणावं इतक्या सहज 'केटी लागली' म्हणतात. तिचा अर्थ कधी कुणाला सांगायची वेळ येईल, असं वाटलंच नव्हतं. हेडक्लार्क म्हणाले, "ते माझ्यावर सोडा." त्यांनी लेटरहेड घेतलं आणि त्यांच्या ठेवणीतल्या इंग्रजीत लिहिलं, की सदर विद्यार्थिनीची एकूण प्रगती विचारात घेऊन विद्यापीठाने तिला तिच्या टर्म्स राखण्याची कृपापूर्वक परवानगी दिली होती. खाली गोल शिक्का मारला, वर फुंकर घातली.

वाचून मला वाटलं, वा! हे तर मानपत्रच झालं. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं. शब्द न शब्द खरा, आणि कुठेही नापास म्हणून नाही. मी खूश होऊन पाठवून दिलं.

चार दिवसांत जर्मनीचं उत्तर आलं. अतिशय अदबीने विचारलं होतं: उमेदवाराने विद्यापीठापुढे कोणत्या अटी ठेवल्या होत्या? आणि विद्यापीठाने त्या कोणत्या कारणास्तव मान्य केल्या?

आधी मला कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. टर्म म्हणजे आपल्याकडे सत्र. त्यांनी घेतली अट! हमरापूरची पोरगी उठते, विद्यापीठाला अटी घालते, आणि विद्यापीठ म्हणतं, ठीक आहे ताई, राखा तुमच्या अटी. मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला. हेडक्लार्कना दाखवलं तर ते हसले नाहीत. उठूनच उभे राहिले.

"विद्यापीठाला अटी? अहो, कुणाची टाप आहे? मी एवढी वर्षं तिथे फायली घेऊन जातोय, मला बसायला खुर्ची नाय दिली कुणी!"

आता मात्र मामला चिघळला होता. सारवासारव करावी तर आधीचं पत्र खोटं ठरणार. मी रात्रीचं जेवण सोडून खुलासा लिहायला घेतला. कोकणातील शिक्षणाची पार्श्वभूमी, मूर्तिकलेचे अर्थकारण, सेमिस्टर पद्धतीचे ग्रामीण विद्यार्थ्यांवर होणारे परिणाम. दोन पानं झाली. तिसऱ्याला हात घालणार, तोच भाचीने कागद ओढून घेतला.

"आत्या, उगाच पुरवण्या लावू नको."

आणि तिने स्वतः दोन ओळी लिहिल्या. मी त्या विषयात नापास झाले होते. पुढच्या वर्षात बसू दिलं, तो विषय परत देऊन पास झाले.

"अगं, असं तोंडावर सांगतात का?"

"मग कुठे सांगतात?" ती म्हणाली आणि पाठवून मोकळी झाली. मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं, पण राग जास्त, कारण तो विषय माझा होता.

त्यावर त्यांनी तिला व्हिडिओवर बोलवलं. घरात रेंज नाही. रेंज येते ती कारखान्याच्या दाराशी, तिथेच खुर्ची टाकली. दादाने कॉम्प्रेसर बंद करवला, सगळ्यांना गप्प बसवलं, आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून एका मोठ्या गणपतीच्या मागे जाऊन बसला. मी म्हटलं, "तू दिसणार नाहीस, मग शर्ट कशाला?" तर म्हणतो, "चुकून दिसलो तर?"

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक प्राध्यापक बाई आली. हसरी होती, पण चष्म्याच्या वरून बघत होती. अशा बायका मी ओळखते, मीही तशीच बघते. इकडचं तिकडचं झालं आणि तिने विचारलं, "या विषयात तुम्ही नापास का झालात?"

"गणपती होते," भाची म्हणाली.

"कोण होते?"

भाचीने फोन फिरवला. शेडभर गणपती. पांढरे, रांगेने, डोळे काढायचे राहिलेले. आणि एका सोंडेच्या बाजूने डोकावणारा, इस्त्रीच्या शर्टातला माझा भाऊ. बाई चष्मा सावरून पडद्याजवळ आल्या.

"या सगळ्यांचे डोळे तुम्ही काढता?"

"हो. त्या सेमिस्टरलाही काढत होते."

"फार सुंदर," बाई म्हणाल्या. मग कागदाकडे बघत म्हणाल्या, "पण याचं क्रेडिट मला देता येणार नाही."

झालं! माझा तोल गेला. "अगो बाई," मी मागून मराठीत ओरडले, "तुमचंच ना ते, पोरगं किती खपतं ते मोजायचं म्हणून? मग ही इथे खपली ते काय फुकट?"

पडद्यावरची बाई दचकली. "मागे कोण बोललं?"

"माझी आत्या. माझी प्रोफेसर पण तीच आहे."

"काय म्हणाल्या त्या?"

"थँक यू म्हणाली," भाचीने शांतपणे सांगितलं.

बाईंनी मान हलवली आणि पुढे म्हणाल्या, की तुमच्या अभ्यासक्रमात फिजिकल केमिस्ट्रीचे तास आमच्यापेक्षा कमी पडतात. त्यावर मात्र मी नकळत मान डोलावली. ते तास वाढवा म्हणून मीच प्रत्येक मीटिंगमध्ये बोंब मारते आणि कुणी ऐकत नाही. माझं म्हणणं पटणारी पहिली व्यक्ती भेटली ती थेट जर्मनीत, आणि तीही भाचीच्या मुळावर आलेली.

निकाल श्रावणात आला. मी स्टाफरूममध्ये होते, भाचीने फोनवर पाठवला. प्रवेश मंजूर. खाली मात्र एक परिच्छेद होता: उमेदवाराची पदवी साधारणतः तुल्य मानण्यात येत असून, फिजिकल केमिस्ट्री हा विषय तिने पहिल्या वर्षात आमच्याकडे उत्तीर्ण करावा या अटीवर तिला मास्टर्सच्या वर्गात बसण्याची परवानगी देण्यात येत आहे.

हेडक्लार्कनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, ओठ हलवत वाचलं आणि टेबलावर जोरात थाप मारली.

"मॅडम! ही तर एटीकेटी!"

खरंच की! एवढे देश, एवढे मंत्री, सगळ्यांनी मिळून जन्माचा खल करून जी युक्ती काढली, ती आमच्या पोरांच्या तोंडी कधीपासून आहे. विषय राहिला तर राहू दे, पुढे बस, मागचा सोडव. हेडक्लार्क दिवसभर येईल त्याला सांगत होते, की युरोपने आपली पद्धत उचलली.

मी कॉलेज सुटल्यावर पेणला न थांबता तशीच हमरापूर गाठलं. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दादा मूर्तींवर प्लास्टिक चढवत होता, भाची कोपऱ्यात आखणीला बसलेली, मान खाली, मान वर करायची तिला फुरसत नव्हती. निकाल तिने बापाला सांगितलाच नव्हता. "तू सांग," मला म्हणाली. "मी सांगितलं तर मला बघवणार नाही."

"दादा, पोरीला मिळालं," मी म्हटलं. "पण केटीसकट."

त्याचा हात थांबला. "केटी? अजून? कुठला विषय?"

"फिजिकल केमिस्ट्री."

"म्हंजे परत तुझाच!"

आणि तो हसायला लागला. आम्ही सगळेच हसलो, कामावरचे, भाची, मी. हसताना त्याने डोळे शर्टाच्या बाहीने पुसले आणि म्हणाला, "थिनर गेला डोळ्यात." थिनरचा डबा तिथे कुठेही नव्हता.

तो मला हायवेपर्यंत सोडायला आला. तसा कधी येत नाही. रस्त्यात दोन्ही बाजूंना भात उभं होतं, टेम्पो मूर्ती घेऊन सावकाश चालले होते.

"आखणीला जोह्याचा मानूस येईल," तो म्हणाला. "बोललोय मी त्याला."

"चांगला आहे का?"

"बरा हाय." थोडं चालला. "बरा म्हंजे बरा."

फाट्यावर उभे राहिलो. पेणची गाडी येताना लांबून दिसत होती. तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "काय गो, तिकडची डिग्री इकडं चालते?"

इतके महिने मी इकडची पदवी तिकडे चालावी म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. उलट बाजूने कुणी विचारील हे मनातच आलं नव्हतं. आणि तो पदवीबद्दल विचारतच नव्हता. ती परत येईल का, हे विचारायची त्याची छाती नव्हती.

"चालते," मी म्हटलं. "पण आपल्याकडे कागद करावा लागतो. तिकडची पदवी इकडच्या बरोबरीची आहे, असा."

"तो कवा करायचा?"

"ती पास झाली, परत आली, की मग अर्ज करायचा."

"मग नको," दादा म्हणाला. "तू आत्ताच करून ठेव."